दमणच्या वाटेचा दावा

मी खुटबावहून बोलतेय. एरवी मी तुमच्याशी बचत, व्याज, हप्ते आणि बँकेची कागदपत्रं यांबद्दल बोलते. आज इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. गोष्ट रस्त्याच्या भांडणाची आहे, आणि रस्त्याचं भांडण म्हणजे काय हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

हे भांडण होतं भारत आणि पोर्तुगाल या दोन देशांमधलं. ते गेलं थेट युरोपात, नेदरलँड देशातल्या हेग शहरात, जगाच्या कोर्टात. तिथे ते सव्वाचार वर्षं चाललं. आणि निकाल देण्यासाठी तिथल्या न्यायाधीशांना जे कागद वाचावे लागले, त्यात महत्त्वाचे कागद होते आपल्या पुण्याच्या पेशव्यांच्या दरबारातले.

हा विषय आत्ताच का काढला, तेही सांगते. आमच्या एका गटात दोघी शेजारणी आहेत. बांधाला बांध. एकीच्या बांधावरून दुसरीच्या शेताला वाट, तीस वर्षांची. गेल्या हंगामात उसाला तोड आली, टोळी आली, आणि नेमकी त्याच वेळी वाट काट्या टाकून बंद झाली. ऊस तोडून पडलेला, ट्रॅक्टर बाहेर उभा. मग दोघींचं बोलणं बंद. एक बैठकीला आली की दुसरी येत नाही. गटाची बचत अडली, कर्जाचा ठराव अडला. अकरा बायांचा गट दोघींच्या भांडणात थांबला. मी त्यांना विचारलं, "या वाटेचं लिहिलेलं काही आहे का?" दोघीही गप्प. तेव्हा मला कॉलेजात वाचलेला दमणच्या वाटेचा दावा आठवला.

आधी हे जगाचं कोर्ट आलं कुठून ते बघू.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत दोन देशांचं भांडण मिटवायची शेवटची जागा म्हणजे रणांगण. हेगमध्ये देशांचे तंटे बोलून मिटवावेत म्हणून एक मोठी इमारत बांधली, तिला शांतता महाल म्हणतात. ती १९१३ साली उघडली, आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. म्हणजे घर बांधलं, पण घरात बसायला कोणी तयार नव्हतं. ते युद्ध संपल्यावर राष्ट्रसंघ निघाला आणि १९२२ मध्ये त्या महालात पहिलं कायमचं कोर्ट भरलं. तरीही १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध झालंच. आपल्याकडचीही माणसं त्यात गेली. रायगडमधल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीतून इटलीत लढले आणि १९४४ च्या जुलैमध्ये तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भांडण कोणाचं, आणि कुंकू कोणाचं पुसलं गेलं, ते बघा.

दुसरं युद्ध संपलं तेव्हा १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याच्या सनदेत देशांनी लिहून दिलं की तंटा झाला तर तो शांततेने मिटवायचा. कसा, तेही लिहिलं आहे: आधी आपसात बोलणी, मग चौकशी, मग मध्यस्थ, मग लवाद, मग कोर्ट. आपल्या गावातही पायऱ्या याच असतात. या व्यवस्थेचं कोर्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय. ते १९४६ च्या एप्रिलमध्ये हेगच्या त्याच महालात बसलं. तिथे १५ न्यायाधीश असतात, वेगवेगळ्या देशांचे, नऊ-नऊ वर्षांसाठी निवडलेले. दाव्यातल्या देशाचा न्यायाधीश तिथे नसेल, तर त्याला त्या दाव्यापुरता आपला एक न्यायाधीश बसवता येतो.

या कोर्टाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे कोर्टाची नोटीस आली की जावंच लागतं. तिथे तसं नाही. दोन्ही देशांनी "आम्हाला हे कोर्ट मान्य आहे" असं आधी सांगितलेलं असलं, तरच दावा चालतो. निकाल पाळायला लावणारा फौजदारही कोर्टाच्या हाताशी नाही. मान्य करणं हाच त्याचा पाया.

आता पुण्याकडे येऊ, आणि थोडं मागे जाऊ.

चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर पोर्तुगीजांकडे उत्तरेला दमण आणि दीव उरलं, दक्षिणेला गोवा. पुढे १७७५ पासून मराठे आणि इंग्रज यांचं युद्ध सुरू झालं. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना शरण आणलं, पण युद्ध काही थांबलं नाही. गादीवर लहानगे सवाई माधवराव, कारभार नाना फडणीसांच्या हातात. अशा दिवसांत, १७ डिसेंबर १७७९ रोजी, पुण्याच्या दरबाराने पोर्तुगीजांशी मैत्रीचा तह केला. मराठी आरमाराने पूर्वी पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याची ही भरपाई होती असंही सांगतात. त्या तहात एक कलम होतं: दमणच्या बाजूच्या मुलखातून वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना लावून द्यायची. मग १७८३ आणि १७८५ मध्ये पेशव्यांच्या सनदा निघाल्या आणि गावं त्यांच्या हाती गेली. तीच दादरा आणि नगर हवेली. आजच्या वापीच्या पूर्वेला, आपल्या पालघरच्या तलासरी-जव्हारला लागून असलेला हा वारली आदिवासींचा मुलूख.

आता या जागेचा नकाशा डोळ्यासमोर आणा. दमण समुद्राच्या काठी. दादरा आणि नगर हवेली आत, जमिनीत. मधली पट्टी दुसऱ्याची. पेशवाईत ती मराठ्यांची होती, १८१८ नंतर इंग्रजांची झाली आणि १९४७ नंतर भारताची. म्हणजे पोर्तुगीज साहेबाला दमणहून आपल्या गावांत जायचं तर दुसऱ्याच्या शेतातूनच जावं लागे. आमच्या दोघी शेजारणींसारखंच.

इंग्रज गेले, पण पोर्तुगीज जायला तयार नव्हते. मग १९५४ च्या पावसाळ्यात तिथे उठाव झाला. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दादरा घेतलं. तिथल्या चकमकीत एक पोलीस अधिकारी मारला गेला. आठवड्याभरात नरोली गेलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे तरुण होते, तिथले वारली होते, आणि पुण्याहून गेलेली माणसंही होती. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, मोहन रानडे होते. आपण रेडिओवर बोलतोय म्हणून सांगते, याच सुधीर फडक्यांचं गीतरामायण पुढच्याच वर्षी पुण्याच्या आकाशवाणीवरून सुरू झालं.

पोर्तुगालने दमणहून आपली माणसं आणि फौज पाठवायची म्हटलं, तर वाट भारतातून. भारताने वाट बंद केली.

पोर्तुगाल भडकला, पण करणार काय? १४ डिसेंबर १९५५ रोजी तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ तारखेला त्याने कोर्टाला कळवलं की तुमचा अधिकार आम्हाला मान्य आहे. आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा दाखल केला. तीन दिवसांत! भारताने आक्षेप घेतला की हा डाव आहे, आम्हाला सावध व्हायला वेळच दिला नाही. भारताचे एकूण सहा आक्षेप होते. कोर्टाने १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये चार फेटाळले आणि दोन पुढच्या सुनावणीसाठी ठेवले. दावा चालणार हे ठरलं. भारताच्या बाजूने उभे होते ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड, मुंबईचे. भारताने न्यायाधीश म्हणून बसवले मुंबई हायकोर्टाचे महंमद करीम छागला. पोर्तुगालनेही आपला एक न्यायाधीश बसवला.

आता मुख्य प्रश्न. पोर्तुगाल म्हणाला, "पेशव्यांनी ही गावं आम्हाला देऊन टाकली. आम्ही मालक. मालकाला आपल्या जागेत जायला वाट हवीच." भारत म्हणाला, "तो तह पक्का झालाच नव्हता, आणि पेशव्यांनी मालकी कधीच दिली नव्हती."

कोर्टाने तह आणि सनदा वाचायला घेतल्या. तहाचे वेगवेगळे मजकूर समोर आले, एकमेकांशी न जुळणारे. तरी कोर्टाने तह झालाच नाही हे भारताचं म्हणणं मानलं नाही. अठराव्या शतकातला कागद आजच्या रीतीने तोलू नये, आणि मराठ्यांनी स्वतः तो तह मानून पुढच्या सनदा काढल्या होत्या, असं कोर्ट म्हणालं. पण त्या सनदांत दिलं काय होतं? तिथे शब्द होते जहागीर आणि सरंजाम.

मैत्रिणींनो, सगळा दावा या शब्दांपाशी येऊन थांबला. सरंजाम म्हणजे मुलूख देणं नाही. सरंजाम म्हणजे त्या गावाचा वसूल खाण्याचा हक्क. गाव सरकारचं, वसूल तुझा, तोही सरकारची मर्जी आहे तोवर. कोर्टाने मान्य केलं की पेशव्यांनी पोर्तुगीजांना फक्त वसुलाचा हक्क दिला होता, राज्याची मालकी दिली नव्हती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या कारकुनाने लिहिलेला एक शब्द दूरच्या हेगमध्ये उपयोगी पडला.

हे तुम्हाला लगेच कळेल, कारण आपल्या घरातही असे सरंजाम असतात. आपण त्याला चोळीबांगडीची जमीन म्हणतो. लेक विधवा झाली, सून एकटी राहिली, की भाऊ किंवा दीर म्हणतात, "हे वीस गुंठे तुला खायला." ती तिथे राबते, पीक घेते, बांध सावरते. वर्षं जातात. आमच्या ओळखीच्या एका मावशीने बावीस वर्षं अशी जमीन कसली. शेळ्यांसाठी कर्ज काढायचं म्हणून सातबारा काढला, तर त्यावर तिचं नावच नाही. ती मला म्हणाली, "अगं, सगळ्या गावाला माहीत आहे ती माझी आहे म्हणून." गावाला माहीत आहे, पण कागदाला माहीत नाही. तिने बावीस वर्षं वसूल खाल्ला, मालकी मात्र दिराच्या नावावर.

इथे एक चांगली गोष्टही सांगते. आपण पोर्तुगाल नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात चौदावं कलम आहे. हिंदू बाईला पोटगीपोटी म्हणून मिळालेली आणि तिच्या ताब्यात असलेली जमीन त्या कलमाने तिच्या पूर्ण मालकीची होऊ शकते. प्रत्येकीचं प्रकरण वेगळं असतं, म्हणून माझ्या बोलण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. वकिलाला पैसे नाहीत म्हणू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आमची मावशी तिथे गेली. तिचं काम अजून चालू आहे.

पुन्हा हेगला जाऊ, कारण निकालात भारताला टोचणारी एक बाजूही होती.

पेशव्यांनी मालकी दिली नव्हती, हे ठरलं. मग पोर्तुगीज तिथे मालकासारखे कसे बसले? कोर्ट म्हणालं, १८१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि त्यांनी पोर्तुगीजांना त्या गावांचे धनी मानलं. कोणी हरकत घेतली नाही. पुढे भारतानेही न बोलता तेच मान्य केलं. म्हणजे कागदाने जे दिलं नव्हतं, ते सव्वाशे वर्षांच्या गप्प बसण्याने मिळालं.

वाटेचंही तसंच. इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल दमणहून आत-बाहेर करत होता. सव्वाशे वर्षं. आपल्या भाषेत ही वहिवाट. कोर्टाने ती वहिवाट हक्क म्हणून मानली. पण फौज आणि हत्यारी पोलीस? तिथे वहिवाट वेगळी होती. पूर्वी दोन्ही बाजू एकमेकांच्या हद्दीतून पोलीस नेत, पण तो आपसातल्या देवाणघेवाणीचा भाग होता. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा करार झाला, आणि त्यानंतर हत्यारी माणसं न्यायची तर परवानगी मागावी लागे. जिथे दर वेळी परवानगी मागावी लागते, तिथे हक्क नसतो. परवानगी आणि हक्क यांतला हा फरक बायांना घरात रोज कळतो.

निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. अकरा विरुद्ध चार मतांनी ठरलं की १९५४ मध्ये साध्या माणसांसाठी, मुलकी अधिकाऱ्यांसाठी आणि मालासाठी पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, मात्र भारताच्या देखरेखीखाली. आठ विरुद्ध सात मतांनी, म्हणजे एका मताने, ठरलं की फौज, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क त्याला नव्हता. आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं की भारताने वाट बंद करून आपलं कर्तव्य मोडलं नाही. कारण उठावानंतर त्या भागात इतका तणाव होता, की देखरेखीच्या अधिकारात वाट थांबवणं भारताला शक्य होतं.

कोण जिंकलं? दोघांनीही आपणच जिंकलो असं सांगितलं. माझ्या मते तो बरा निकाल होता. दोघांनाही थोडं मिळालं आणि दोघांनाही थोडं सोडावं लागलं, आणि कोणालाही बंदूक उचलावी लागली नाही.

पण एवढ्याने तंटा मिटला असं सांगितलं तर मी खोटं बोलेन. दादरा आणि नगर हवेलीचा कारभार १९५४ पासून तिथल्या लोकांची वरिष्ठ पंचायत बघत होती. १९६१ च्या ऑगस्टमध्ये तो मुलूख रीतसर भारतात आला. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव भारतीय फौजेने दोन दिवसांत घेतलं. तिथे कोर्टाची वाट धरली नाही, फौज वापरली. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, तो रशियाने नकाराधिकार वापरून अडवला. पोर्तुगालने पुढे तेरा वर्षं हे काहीच मान्य केलं नाही. मग १९७४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे क्रांती झाली, सरकार बदललं, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे सगळं भारताचं असं मान्य केलं. भांडण सुरू झाल्यापासून वीस वर्षांनी दोघं समोरासमोर बसले. कोर्टाने मधल्या काळात काय केलं? खरं काय, ते लिहून ठेवलं.

अलीकडचं एक प्रकरण तुमच्या कानावर असेल. सांगलीत जन्मलेले कुलभूषण जाधव पाकिस्तानच्या तुरुंगात, आणि तिथल्या लष्करी कोर्टाने त्यांना फाशी सुनावलेली. भारत ८ मे २०१७ रोजी याच हेगच्या कोर्टात गेला. भारताची बाजू मांडली नागपूरकडच्या हरीश साळवे यांनी, फी घेतली एक रुपया. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला: जाधवांना आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू न देऊन पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा पुन्हा विचार करावा, आणि तोवर फाशी थांबवावी. सुटकेचा हुकूम मात्र कोर्टाने दिला नाही. कोर्टाच्या हातात काय असतं आणि काय नसतं, दोन्ही त्यातून दिसतं.

एक गोष्ट मला हे वाचताना खटकली, तीही सांगते. १७७९ च्या तहात बाई नाही, १९६० च्या निकालाच्या वेळी न्यायाधीशांच्या रांगेत बाई नाही. त्या कोर्टात निवडून आलेली पहिली बाई, इंग्लंडच्या रोझलिन हिगिन्स, आली १९९५ मध्ये. पुढे २००६ मध्ये त्या कोर्टाच्या अध्यक्ष झाल्या. आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीत किती बाया बसतात, आणि बसल्या तर किती बोलतात, ते तुम्हीच मोजा.

आता आपल्या कामाचं. या दाव्यातून मी आपल्यासाठी तीन गोष्टी घेतल्या.

पहिली, शब्द वाचा. "तुला दिली" आणि "तुला खायला दिली" यांत पावणेदोनशे वर्षांनीही फरक पडतो. अंगठा किंवा सही करायच्या आधी कागद मोठ्याने वाचून घ्या, दुसऱ्या बाईलाही ऐकू द्या. आणि सातबारावर आपलं नाव आहे का ते बघा.

दुसरी, गप्प बसू नका. गप्प बसणं हे पुढे हो म्हणणं ठरतं. शेताची वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. "बघू, दिवाळीनंतर बोलू" म्हणत राहिलात तर मुदत निघून जाते. आणि वाट कधी नव्हतीच, नव्याने बांधावरून हवी असेल, तर त्यासाठी जमीन महसूल कायद्याचं १४३ वं कलम आहे. हे दोन अर्ज वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका.

तिसरी, तिसऱ्या माणसापुढे जायचं, तर आधी दोघांनी हो म्हणायला हवं. आमच्या त्या दोघी शेजारणींना मी तेच विचारलं. "तुम्ही दोघी मिळून ज्यांचं ऐकाल अशा दोन जणी सांगा." नावं ठरायलाच तीन आठवडे गेले. मग गटातल्या दोन वडीलधाऱ्या बाया बांधावर गेल्या, दोघींचं ऐकलं, जुन्या चाकोऱ्या बघितल्या. ठरलं ते असं: माणसं, बैलगाडी, मोकळा ट्रॅक्टर बारा महिने जाईल. भरलेली उसाची ट्रॉली फक्त तोडीच्या दिवसांत, आणि बांध खचला तर ज्याची ट्रॉली त्याने भरून द्यायचा. पावसाळ्यात जड गाडी नाही. हे कागदावर लिहिलं, तारीख टाकली, दोघींच्या घरच्यांच्याही सह्या घेतल्या आणि एकेक प्रत दोघींना दिली.

दोघी पूर्वीसारख्या एकमेकींच्या घरी जात नाहीत. संक्रांतीचं वाण अजून बांधाच्या पलीकडे गेलेलं नाही. पण दोघी बैठकीला येतात, वहीवर सही करतात, आणि गेल्या महिन्यात अडलेला कर्जाचा ठराव पास झाला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या शेताचा किंवा घराचा उतारा घेऊन या. ज्यांना वाचता येतं त्या बाकीच्यांना वाचून दाखवतील. त्यावर आपलं नाव कुठे आहे, कुठे नाही, आणि कोणत्या शब्दांत आहे, एवढंच आपण त्या दिवशी बघू. नमस्कार.